चौदांपैकी एक

तुमच्यापैकी कोणाच्या दप्तरात गलोल आहे का? असेल तर लाजू नका. थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तिचे नाव मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त पाठवले. तेथे मिलार्डसाहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पेच्या कप्पे उघडून दाखवले.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारून जमवणे. त्या संग्राहकांना मी नावे ठेवणार नाही. डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे ब्रिटनमध्ये जुन्या संग्रहांतील अंडी तपासूनच कळले. पण आजही पक्षी मारलाच पाहिजे का?

अरुणाचल प्रदेशात ईगलनेस्ट नावाचे अभयारण्य आहे. तेथील डोंगरात दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर दाट जंगल आहे. १९९५ साली तेथे रमण अथ्रेय यांना एक अनोळखी पक्षी दिसला. अथ्रेय हे खगोलशास्त्रज्ञ. पक्षी पाहणे हा त्यांचा छंद! तो पक्षी पुन्हा दिसायला २००५ साल उजाडले. २००६ च्या मे महिन्यात तो जाळ्यात सापडला. आकाराने बुलबुलाएवढा, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांजवळ पिवळा रंग, पंखांत सोनेरी आणि लाल छटा. विज्ञानाला तो अगदी नवा होता.

रिवाज असा, की नवा पक्षी मारून त्याचा नमुना संग्रहालयात ठेवायचा. पण तोवर असे फक्त १४ पक्षी आढळले होते. अथ्रेय यांनी त्याचे फोटो घेतले, वर्णन लिहिले, आवाज ध्वनिमुद्रित केला. जाळ्यात गळलेली पिसे तेवढी जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तेथे राहणाऱ्या बुगुन लोकांवरून त्याचे नाव पडले 'बुगुन लिओसिक्ला'.

पिसांवरून सगळा अभ्यास होत नाही, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी मला अथ्रेय यांचेच पटते. चौदांतला एक मारला आणि घरट्यात त्याची पिल्ले वाट पाहत असली तर? पिसे कमी पडली, तर शास्त्रज्ञांना पुन्हा तो डोंगर चढावा लागेल. चढू देत की!