हजीऱ्यावरची हरिकथा

तानसेन समारोह नाताळाला जोडून आला, की लष्करातील मराठी घरांत अंथरुणे-पांघरुणे कमी पडू लागतात. पुण्याचा मुलगा, बंगळूरची सून, इंदूरचे जावई, सगळे एकाच गाडीने उतरल्यासारखे येतात. समारोहाची तारीख दर वर्षी हलते. २०२४ साली तो १५ ते १९ डिसेंबरला झाला, तेव्हा शाळा-कचेऱ्या चालू होत्या आणि पाहुणे कोणी फिरकले नाहीत. २०२३ साली मात्र २४ डिसेंबरचा रविवार, त्याला लागून नाताळचा सोमवार आणि मागे चौथा शनिवार असा योग जुळून आला होता. त्या तीन दिवसांविषयी आणि त्यांतून पुढे जे घडले त्याविषयी या महिन्यात लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

दूरच्या वाचकांसाठी थोडी माहिती देणे अवश्य आहे. समारोहाचा आरंभ १९२४ सालचा, म्हणजे माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीतला. तानसेनाचा उरूस म्हणून तो सुरू झाला. हजीरा भागात महंमद गौस यांची मोठी कबर आहे. तिच्या दगडी जाळ्या पाहताना दगड विणता येतो की काय, असे वाटते. तिच्या शेजारी, खांबांवर उभ्या असलेल्या एका लहानशा उघड्या मंडपाखाली तानसेन विसावला आहे. जवळच चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी गवयांची श्रद्धा. मूळ झाड या श्रद्धेलाच बळी पडले आणि आता आहे ते मागाहूनचे, असे सांगतात. पानांना गिऱ्हाईक मात्र पूर्वीइतकेच आहे.

संध्याकाळच्या मोठ्या सभांची वर्णने वर्तमानपत्रांत येतात. कोणाला तानसेन सन्मान मिळाला, कोण कोणता राग गायले, हे सर्वांना कळते. माझ्या मते समारोहाचे खरे मर्म पहिल्या दिवशी सकाळी दिसते, आणि त्या वेळी श्रोते थोडे असतात. समाधीपाशी प्रथम शहनाई होते. मग आपल्या ढोलीबुवांच्या मठाचे महाराज हरिकथेला उभे राहतात. मागोमाग त्याच जागी मौलाना मिलाद सांगतात आणि मजारीवर चादर चढते. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच श्रोतृवृंदापुढे. हा क्रम कोणी मोडल्याचे मी पाहिलेले नाही. जमलेल्यांपैकी कोणालाही त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही, आणि म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

ढोलीबुवांचा मठ ही लष्करातील मराठी माणसाच्या घरचीच गोष्ट. नाथपरंपरेतील ही गादी. तिच्या नावाचा ढोलीबुवांचा पूल शहरातील प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक असतो, मग ढोलीबुवा कोण ते त्याला ठाऊक असो वा नसो. हजीऱ्यावरची कथा हिंदीत होते. ठेवण मात्र आपल्या कीर्तनाचीच: मध्येच गाणे, मध्येच दृष्टान्त, आणि ईश्वर व सूर यांचे नाते लावून देण्याची ती जुनी हातोटी. आमच्या गल्लीतील एक सेवानिवृत्त गृहस्थ दर वर्षी तक्रार करतात की, कथा मराठीत का नाही? मला ही तक्रार पटत नाही. ज्या गावात आपण दोनशे वर्षे राहिलो, त्या गावाला कळेल अशा भाषेत आपला कीर्तनकार बोलतो, यात उणेपणा कसला? दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे तळ दिला, त्या छावणीचे ‘लष्कर’ झाले, आणि छावणीत आलेली माणसे येथलीच होऊन गेली. आपण ‘बाहेरचे मराठी’ आहोत, ही कल्पना मुळात पुण्यामुंबईची आहे.

गाण्याच्या बाबतीत तर ती अगदीच उलटी ठरते. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात नेला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. ते विद्येसाठी येथे आले आणि हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ शिकले. पुढे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडते झाले. आज महाराष्ट्रात जो घरोघरचा गाण्याचा क्लास आहे, त्याच्या मुळाशी या गावाची धूळ आहे. आणि ती विद्या या गावात मराठी घरांपर्यंत आली कशी? हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नथ्थूखाँ या बंधूंकडून. नथ्थूखाँचे पुत्र निसार हुसेनखाँ दरबारचा आश्रय सुटल्यावर शंकर पंडितांच्या घरी येऊन राहिले आणि तेथेच त्यांनी आपली विद्या त्या घराच्या स्वाधीन केली. त्या काळच्या ब्राह्मणाच्या घरात मुसलमान गुरू बिऱ्हाड करून राहतो, या घटनेचे मोल वाचकांना वेगळे सांगावे लागू नये. शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ साली वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे चारच वर्षांनी, १९१८ साली, भातखंड्यांच्या योजनेतून माधव संगीत महाविद्यालय निघाले. राजाभय्या पूछवाले यांनी ते सांभाळले. कृष्णरावांना १९८० साली तानसेन सन्मान मिळाला आणि १९८९ साली, शहाण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. त्यांची नात मीता पंडित आज त्या घराचे गाणे देशोदेशी नेत आहे.

आता त्या रविवारकडे येतो. आमच्या गल्लीत माई म्हणून एक वृद्ध बाई राहत असत. यजमान दरबारी शिस्तीत वाढलेले, गाण्याचे शौकीन, वारून बरीच वर्षे झाली होती. दोन्ही मुलगे पुण्यात. जुना वाडा विकून आईला घेऊन जायचे, असे ठरवूनच ते नाताळच्या सुटीला जोडून आले होते. सामानाची वाटणी चालू होती. तांब्या-पितळेची भांडी, देव्हारा, शिसवी पलंग, सर्वांची व्यवस्था लागली. राहिली ती मिरजेची तंबोऱ्यांची जोडी. गवसण्यांवर बोटभर धूळ, एकाचा भोपळा तडकलेला, दुसऱ्याच्या चारपैकी दोन तारा शिल्लक. धाकटा मुलगा म्हणाला, भिंतीला टेकवून ठेवायला छान दिसतील. एका दुकानदाराने शोभेची वस्तू म्हणून किंमतही सांगितली होती.

माईंनी मला बोलावणे पाठवले. मी गेलो तर म्हणाल्या, “अरे, तू हेडमास्तर ना? तुझ्या शाळेत गाणं शिकवतात का?”

“नाही, माई. सरकारी शाळा आहे, संगीतशिक्षकाची जागाच नाही आमच्याकडे.”

“मग गाणारं पोर तरी आहे का एखादं?”

एक होती. आठवीतली मुलगी. वडील ई-रिक्षा चालवतात, घरी बुंदेलखंडी बोलतात. प्रार्थनेच्या वेळी तिचा आवाज ओळीतून वेगळा निघतो, हे सर्व शिक्षकांना माहीत होते, आणि तिला एका संगीतविद्यालयात संध्याकाळच्या वर्गाला घालावे, असा आमचा खटाटोप चालू होता. मी तसे सांगितले. माईंनी तिचे नाव विचारले, आडनाव विचारले. मग क्षणभर गप्प राहिल्या. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळला आणि थोरल्या मुलालाही कळला असावा, कारण तोच म्हणाला, “आई, आपल्यांतलंच कोणी मिळालं असतं तर बरं झालं असतं, नाही?”

हा प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता, आणि मी त्याला हसणार नाही. आपल्या घरातील वस्तू आपल्याच भाषेच्या घरात राहावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लष्करातील मराठी घरांपैकी किती घरांत आज तंबोरा लागतो? आमच्या मंडळात गणेशोत्सवाला नाट्यगीते होतात, ती मागे वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित साथीवर. मुलांना दोष नाही. ती अभ्यासाला बाहेर जातात आणि जातात ती जातातच.

माईंनी मुलाला उत्तर दिले नाही. मलाच म्हणाल्या, “उद्या दुपारी तिला घेऊन ये. आणि मला आज संध्याकाळी हजीऱ्याला ने. यांच्यामागे मी गेले नाहीये.”

त्या संध्याकाळी आम्ही गेलो. थंडी अशी की, मंडपात शाली-रजयांचे ढीग बसल्यासारखे दिसत होते. समारोहाला तिकीट नसते, त्यामुळे पुढच्या खुर्च्या सोडल्या तर कोणीही कोठेही बसावे. सभांचा आरंभ गावातल्या संगीतविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होतो. बहुतेक श्रोते त्या वेळी जागा शोधत असतात, चहा घेत असतात, ओळखीच्यांना हाका मारीत असतात. माई मात्र त्या पंधरावीस मुलामुलींकडे टक लावून पाहत होत्या. पुढे मोठे कलावंत झाले, त्यांच्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. परत येताना एवढेच म्हणाल्या, “मुलांच्या मागे तंबोरे खरे होते. पेटीतले नव्हते.” (विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्याला त्या पेटीच म्हणत.)

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या दिवशी, किल्ल्यावर तालदरबार झाला. १,२८२ तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनीज पुस्तकात नोंद केली आणि तो दिवस तबलादिन म्हणून पाळण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मानले होते, त्याचा उत्साह गावात होताच. पुढल्या, म्हणजे शंभराव्या समारोहात ५४६ वादकांनी नऊ वाद्ये एका वेळी वाजवून आणखी एक नोंद केली. अशा मोजणीच्या पराक्रमांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. ठेका एकाने धरला काय अन् हजारांनी धरला काय, मात्रा वाढत नाहीत. तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्या १,२८२ वादकांत गावोगावची लहान मुले होती आणि त्यांच्यामागे त्यांचे आईबाप किल्ला चढून आले होते. त्यांपैकी अनेकांनी यापूर्वी शास्त्रीय संगीताच्या वाटेला पाऊल टाकले नसेल. गर्दीला नावे ठेवणाऱ्याने त्या आईबापांना मंडपात आणण्याची दुसरी युक्ती सुचवावी. मला ती सुचलेली नाही.

सोमवारी दुपारी मुलगी आली. माईंनी तिला शेजारी बसवले, एक भजन म्हणायला लावले, मध्ये थांबवून दोनदा “खुल्ला आवाज, बेटा, दबाना नहीं” असे सांगितले आणि शाबूत तंबोरा तिच्यापुढे आडवा ठेवला. मुलांनी विरोध केला नाही. धाकट्याने तर स्वतः रिक्षात चढवून दिला.

तंबोरा पुरुषी पट्टीचा, तेव्हा मुलीच्या गळ्यासाठी तारा बदलाव्या लागल्या. जवारी नव्याने लावून घेतली. पैसे शिक्षकांनी काढले. तिच्या घरी दोन खोल्या आणि पाच माणसे. उंदीर, दमटपणा, धाकट्या भावंडांचे हात, या सर्वांचा विचार करून तंबोरा माझ्या कचेरीत, कपाटाच्या वर ठेवला. मधल्या सुटीत ती येते, गवसणी काढते आणि मी हजेरीपटावर सह्या करीत असता षड्ज लावते. निरीक्षणाला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ही वस्तू कोणत्या नोंदवहीत चढवली आहे, असे विचारले. भेटवस्तूंच्या वहीत ‘तंबोरा, नग एक’ अशी नोंद करून तो प्रश्न मिटवला.

माई २०२४ च्या मकरसंक्रांतीनंतर पुण्याला गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात, शंभराव्या समारोहात, एका संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या ध्रुपदात ती मुलगी मागच्या ओळीत होती. श्रोते नेहमीप्रमाणे जागा शोधत होते. मी माईंना दूरध्वनी लावून यंत्र मंचाच्या दिशेने धरले. ऐकू किती आले, कोण जाणे. त्यांनी विचारले, “किती नंबरची आहे ती?” मी सांगितले, मागच्या ओळीत, डावीकडून तिसरी. “मागे का? उंच आहे म्हणून?” मी होय म्हटले. खरे तर नवीन विद्यार्थी मागेच बसवतात.

समारोहाची शेवटची सकाळची सभा तानसेनाच्या जन्मगावी, बेहटला, झिलमिल नदीकाठी होते. कललेल्या शिवमंदिरापाशी. गावकरी बायका डोक्यावर पदर घेऊन, मुले खांद्यावर घेऊन ऐकायला येतात. पुढील खेपेस समारोह सुटीत आला, तर पुण्याच्या पाहुण्यांना मेळ्यात फिरवण्याआधी (तोही १९०५ पासूनचा, पण तेथे जाण्यास कोणाला आग्रह करावा लागत नाही) एक सकाळ बेहटला न्यावे. स्वेटर, मफलर आणि थर्मासभर चहा बरोबर ठेवावा. सूर्य वर येईपर्यंत तेथे बोटे वळत नाहीत, आणि गवई सूर लावण्यापूर्वी हात शेकत असतो.