इनामातला पाचवा हिस्सा तालमीला द्या

पाऊस ओसरला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कुस्ती मैदानांचा हंगाम उभा राहतो. दसऱ्यापासून चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांपर्यंत, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून कुंडलच्या डोंगराखालच्या मैदानापर्यंत, हलगी वाजत राहते आणि माणसे दुपारपासून मोक्याची जागा धरून बसतात. या हंगामासाठी यात्रा कमिट्यांच्या बैठका भरतील, वर्गणीचे आकडे ठरतील आणि एक नंबरच्या कुस्तीला कोणाला आणायचे यावर रात्र रात्र चर्चा होईल. या बैठकांपुढे एक मागणी ठेवायला हवी. मैदानासाठी जमलेल्या इनामाच्या एकूण रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला काढा आणि तो त्या भागातल्या तालमींना द्या. ज्या मुलांच्या जोरावर उद्याची मैदाने भरायची आहेत, त्यांच्यापर्यंत आजच्या मैदानाचा पैसा पोहोचत नाही, आणि तो पोहोचवणे गावाच्याच हातात आहे.

पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे आधी पाहू. गावकऱ्यांची वर्गणी, मुंबईला गेलेल्यांची देणगी, साखर कारखाना आणि पतसंस्थांचा हातभार आणि खानापूर-आटपाडीकडच्या, देशभर पसरलेल्या सोने-चांदी गलाई व्यावसायिकांचे मोठे आकडे, यांतून इनाम उभे राहते. मोठ्या मैदानात त्यातला मोठा वाटा वरच्या दोन-चार नेमलेल्या कुस्त्यांना जातो आणि त्यांसाठी पंजाब, हरियाणातून, कधी इराणमधूनही मल्ल येतात. सकाळपासून लढणाऱ्या लहान पोरांच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. या पोरांचा खर्च मात्र किरकोळ नसतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, तालमीतले राहणे आणि मॅटचा सराव, हा खुराक वर्षानुवर्षे चालवावा लागतो. तो बाप चालवतो, गोठ्यातल्या दोन म्हशींवर आणि उसाच्या बिलावर. वस्ताद अनेकदा मानधनाशिवाय घडवत असतो. दुष्काळ पडला किंवा बिल थकले की आधी खुराक कमी होतो आणि मग पोरगा तालमीतून घरी येतो. आपण किती मल्ल असे गमावले याची नोंद कुठेच नाही, कारण ते मैदानापर्यंत पोहोचलेच नाहीत.

घडणाऱ्या मल्लाच्या पाठीशी आधीच पैसा उभा करण्याचा विचार या मातीला नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते, आणि परतल्यावर कुस्त्या लढून खर्डेकरांचे घर सोडवले. तो पैसा जिंकलेल्या मल्लाच्या डोक्यावरून उधळलेला नव्हता, जिंकण्याआधी त्याच्या पाठीशी उभा केलेला होता. दहा वर्षांनी, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत, मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवले. पण खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. २००८ पासून भारताला कुस्तीत मिळालेली सगळी ऑलिंपिक पदके दिल्ली-हरियाणाच्या मल्लांची आहेत. आपल्याकडे मैदाने वाढली, इनामे वाढली, गर्दी वाढली. घडवण्याच्या खर्चाची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

वरच्या टोकाला पैसा ओतत राहिले की काय होते, याचा धडा इंग्लंडमधल्या रग्बीने दिला आहे. तिथेही खेळ अंगमेहनतीचा, क्लब शंभर-दीडशे वर्षांचे आणि गावाचा अभिमान त्यांना चिकटलेला. १९९५ मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झाली आणि क्लबांमध्ये नामांकित खेळाडू मिळवण्याची चढाओढ लागली. संघाच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा होती, पण मोठ्या नावाच्या खेळाडूला त्या मर्यादेबाहेर ठेवण्याची सवलतही होती. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, आणि तूट भरायला श्रीमंत मालक, असा कारभार वर्षानुवर्षे चालला. २०२२-२३ चा हंगाम १३ क्लबांनी सुरू झाला. ऑक्टोबरपर्यंत वूस्टर वॉरियर्स आणि १८६७ मध्ये स्थापन झालेला, दोनदा युरोप जिंकलेला वॉस्प्स दिवाळखोरीत गेले. जून २०२३ मध्ये लंडन आयरिशही लीगबाहेर पडला. पुढचा हंगाम दहा क्लबांवर आला. खेळाडू आणि कर्मचारी एका झटक्यात बेकार झाले, आणि त्या क्लबांच्या आधारे खेळणाऱ्या कोवळ्या मुलांना दुसरे दार शोधावे लागले. आपली जत्रा बुडणार नाही, ती गावाची आहे. पण मालकाच्या लहरीवरचा क्लब आणि देणगीदाराच्या मर्जीवरचे मैदान यांच्यातला धोका एकाच जातीचा आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो गर्दीचा. मोठा मल्ल नसेल तर लोक येणार नाहीत, लोक नसतील तर पुढच्या वर्षी वर्गणी निघणार नाही, असे कमिटीतले जाणते लोक सांगतील. त्यात तथ्य आहे, म्हणूनच मागणी पाचव्या हिश्श्याची आहे, सगळ्या इनामाची नाही. चार हिस्से वरच्या कुस्त्यांना राहतातच. शिवाय आपला प्रेक्षक डाव ओळखणारा आहे. मोठ्या नावांची कुस्ती अर्धा तास रेंगाळून बरोबरीत सुटली की तो उठून जातो, आणि गावातल्या दोन पोरांची निकाली कुस्ती लागली की फेटे उडवतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इनाम हीच मल्लाची कमाई, त्याला वय आहे, दुखापत आहे, मग त्याच्या ताटातले का काढायचे? याचे उत्तर असे की हीच असुरक्षितता कमी करायची आहे. बाजूला काढलेल्या पैशातून सर्वांत आधी, मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघात विमा उतरवावा. गुडघा मोडलेल्या मल्लाला आज इनाम वाचवत नाही, विमा वाचवेल.

तिसरा आक्षेप असा की हे सरकारचे आणि संघटनांचे काम आहे. ते आहेच. पण सरकारचे मानधन केसरी झालेल्यांना मिळते, होऊ पाहणाऱ्याला नाही. संघटनांचे चित्र तर सगळ्यांसमोर आहे. २०२५ च्या पहिल्या चार महिन्यांत दोन वेगवेगळ्या संघटनांनी महाराष्ट्र केसरी भरवली. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाले, कर्जतला वेताळ शेळके. त्याआधी २०२२ मध्ये साताऱ्यात झालेल्या स्पर्धेनंतर रोख बक्षिसावरून वाद झाला. हे भांडण मिटेपर्यंत तालमीतल्या पोराचे वय थांबणार नाही. आणि गावाने पुढाकार घेतला तर जमते, याचा दाखला आपल्याच भागात आहे. काही सहकारी साखर कारखाने निवडक मल्लांना दरमहा मानधन देत आले आहेत. शेतकऱ्याच्या पैशातून ते होऊ शकते तर जत्रेच्या वर्गणीतून का होऊ नये?

या पैशावर मुलींचा हक्क तर आणखी मोठा आहे. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. त्यानंतर तालमीची वाट धरणाऱ्या मुलीला वेगळी राहण्याची सोय, महिला मार्गदर्शक आणि चांगली मॅट लागते. हे जुन्या तालमीत नसते आणि फुकट होत नाही. विम्यानंतर उरलेल्या रकमेतला निम्मा भाग मुलींसाठी ठेवावा, बाकीचा पंधरा-सोळा वर्षांखालच्या मुलांच्या खुराकाला द्यावा. रक्कम कोणत्या तालमीला, किती मुलांसाठी दिली, हे निवेदकाने मैदानात माईकवरून जाहीर करावे, जसे देणगीदारांचे नाव पुकारले जाते. हिशेब उघडा झाला की संशय राहत नाही आणि पुढच्या वर्षी देणाराही हात आखडत नाही. यंदा दहा कमिट्यांनी एवढे केले, तरी इनाम कोण किती देतो याच्याइतकीच कोण किती मल्ल घडवतो याची स्पर्धा या दोन जिल्ह्यांत सुरू होईल. सातारा-सांगलीच्या कुस्तीला आज तीच स्पर्धा हवी आहे.