आठवड्याचे २४ तास, पण शिक्षक मिळतात किती? द्विशिक्षकी शाळेचं गणित समजून घ्या

२०२५ मध्ये महाराष्ट्रात एक वाद चांगलाच पेटला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवायची की नाही? १६ एप्रिलला जीआर आला, १७ जूनला सुधारित जीआर आला आणि विरोध वाढल्यावर २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर रद्द केले.

मुलांनी किती भाषा शिकाव्यात यावर सगळे बोलले. पण एक साधा प्रश्न मागेच राहिला. पहिलीतल्या मुलाला आठवड्यात शिकायला वेळ तरी किती मिळतो?

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे. म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. सहा दिवसांची शाळा धरली, तर आठवड्याचे साधारण २४ तास. भाषा, गणित, परिसर, कला, खेळ, सगळं यातच बसवायचं.

शिक्षकांसाठी आठवड्याला किमान ४५ तास ठरवले आहेत, पण त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे.

मग हे २४ तास अर्धे कसे होतात?

याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील, तर दोन शिक्षक द्यायचे. ३० मुलांमागे एक शिक्षक, ऐकायला छान वाटतं. पण वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत ही मुलं एका इयत्तेत नसतात. चौथीपर्यंतची शाळा असेल, तर ती चार इयत्तांत विभागलेली असतात. शिक्षक दोन आणि वर्ग चार. यालाच जोडवर्ग म्हणतात.

आता हिशोब करा. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील आणि दोन्हींना वेगवेगळं शिकवायचं असेल, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला २४ पैकी १२ तास येतात. उरलेल्या वेळात दुसरी इयत्ता पाढे लिहिते, शुद्धलेखन करते, फळ्यावरची उदाहरणं सोडवते.

चौथीतलं मूल स्वतःचं स्वतः काहीतरी वाचू शकतं. पहिलीतल्या मुलाला अजून अक्षरंच ओळखू येत नाहीत. ते 'स्वयंअध्ययन' कसलं करणार? जोडवर्गाचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो इथे.

त्यात एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा रजेवर गेला, तर चारही वर्ग एकाकडे येतात. हीच गत आठवडाभर राहिली, तर प्रत्येक इयत्तेला उरतात ६ तास.

शिक्षक वर्गाबाहेर का जातात?

कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढीच अशैक्षणिक कामं देता येतात. पण मतदार याद्यांसाठी बीएलओ म्हणून होणारी नेमणूक याच 'निवडणूक' शब्दात बसते. त्याशिवाय यू-डायस प्लसची माहिती भरणं, अपार आयडी, पोषण आहाराच्या नोंदी असतातच. पाच-सहा शिक्षकांच्या शाळेत ही कामं वाटली जातात. द्विशिक्षकी शाळेत वाटणार कुणाला?

परिणाम काय होतो?

'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या सर्वेक्षणात सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. म्हणजे सुधारणा आहे, पण चारपैकी तीन मुलं अजूनही मागेच आहेत. याचं कारण एकटे जोडवर्ग नाहीत. पण ज्या वयात शिक्षक समोर असणं सगळ्यात गरजेचं, त्याच वयात तो अर्धा वेळ दुसऱ्या वर्गाकडे वळलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

मग छोट्या शाळा बंद करायच्या का?

नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असावी, असा निकष आहे आणि तो सहा वर्षांच्या मुलाचे पाय पाहूनच ठरलेला आहे. शाळा लांब गेली की सगळ्यात आधी गळतात ती लहान मुलं आणि मुली.

मार्ग वेगळा आहे. दोन इयत्तांना आलटून पालटून शिकवण्याऐवजी भाषा आणि गणितासाठी मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता पातळीप्रमाणे करायचे. अक्षरं ओळखणारी मुलं एकीकडे, वाक्य वाचणारी दुसरीकडे. 'प्रथम' संस्थेने ही पद्धत देशभर वापरली आहे. पण त्यासाठी दोन्ही शिक्षक वर्गात हवेत, ही अट आहेच.

तुम्ही काय करू शकता?

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत रंगकाम आणि स्नेहसंमेलनाच्या आधी एक प्रश्न विचारा. गेल्या आठवड्यात दोन्ही शिक्षक किती दिवस वर्गात होते? उत्तर कमी आलं, तर शिक्षकांना धारेवर धरू नका. त्यांना बाहेर कुणी आणि कशासाठी बोलावलं, ते समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा.