पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. विंचवाचे असो, पायदळातल्या शिपायाच्या बाबतीत मात्र ते शब्दशः खरे आहे. लढाईच्या चित्रात आपल्याला रायफल दिसते, संगीन दिसते. त्या गड्याच्या पाठीला आणि कमरेला काय काय बांधलेले आहे, तिकडे नजर जात नाही. यंदा ते गाठोडे जरा सोडून पाहू या.

१८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश शिपायाच्या अंगावर चामडी पट्टे असत. चामडे भिजले की ताणते, वाळले की ताठते; आणि धावपळीत काडतुसे गळून पडत ती वेगळीच. यावरून शहाणे होऊन १९०८ साली जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा नवा साज काढण्यात आला. ‘वेबिंग’ ते हेच. पुढे दोन्ही बाजूंना पाच पाच थैल्या, प्रत्येकीत पंधरा, अशी दीडशे काडतुसे. शिवाय संगीन, पाण्याची बाटली, खणायचे छोटे हत्यार, हॅवरसॅक आणि ओव्हरकोट ठेवलेली पाठपिशवी. मौज अशी की, कमरेचे बकल सोडले की हा सारा पसारा बंडीसारखा एकदम अंगावेगळा करता येई.

हॅवरसॅकमध्ये काय असे? वस्तरा, चमचा, आणि सुईदोऱ्याची एक पुरचुंडी. या पुरचुंडीचे लष्करी नाव ‘हाउसवाइफ’, म्हणजे चक्क गृहिणी! आमच्या वाचक भगिनींनी यावर रागवावे की सुखवावे, ते त्यांनीच ठरवावे. जोडीला अडीअडचणीची शिदोरी : डबाबंद मांस, दगडासारखी बिस्किटे, चहा, साखर. पण अधिकाऱ्याचा हुकूम झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी फराळाच्या डब्यांभोवती घुटमळणाऱ्या बाळगोपाळांना या शिक्षेची कल्पना चटकन येईल.

सगळे मिळून ओझे सुमारे ६० पौंड, म्हणजे २७ किलो. पहिल्या महायुद्धात ते आणखी वाढत गेले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीकाठी ब्रिटिश पायदळ खंदकातून बाहेर पडले, तेव्हा एकेकाजवळ दोनशेवीस काडतुसे होती. हातबाँब होते, विषारी वायूपासून बचावाच्या दोन टोप्या होत्या, वाळू भरायची दोन रिकामी पोती होती. पुष्कळांजवळ कुदळ नाहीतर फावडेही होते. एकूण भार ६६ पौंड. एवढे ओझे घेऊन खंदकातून वर चढणेच कठीण. मग धावणे, झटकन आडवे होणे आणि पुन्हा उठणे कुठले? संध्याकाळपर्यंत सत्तावन्न हजारांवर माणसे जायबंदी झाली वा कामी आली. त्यांत मृतांचा आकडा १९,२४० होता. हा सारा दोष ओझ्याचा, असे कोणी म्हणणार नाही. शत्रूच्या मशीनगन शाबूत होत्या, काटेरी तारा पुष्कळ ठिकाणी तुटलेल्या नव्हत्या. पण त्या गोळ्यांपुढे चालावे लागले ते हळूहळू. आणि यादीतली एकही वस्तू बिनकामाची नव्हती हो! खंदक जिंकला तर तो सावरायला फावडे हवे, पोती हवीत. यादी करणाऱ्याचे म्हणणे अगदी सयुक्तिक होते. फक्त ते ओझे त्याच्या पाठीवर नव्हते.

१९३७ साली साज पुन्हा बदलला. दहा छोट्या थैल्या जाऊन छातीवर दोन मोठ्या आल्या. कारण ब्रेनगन. ती चालवणार एक जण, पण तिची मॅगझिने तुकडीतल्या प्रत्येकाने वाहायची. आपल्या छातीवर दुसऱ्याच्या बंदुकीचे खाद्य!

या थैल्यांशी आपल्या माणसांचाही संबंध आला, तो दुसऱ्या महायुद्धात, इटलीत. १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतले नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सारे मशीनगनपुढे पडले. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा जवान एकटा पुढे धावला. हातबाँब टाकून त्याने ती तोफ बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन रिकामे झाले. नवे भरायला क्षणाचीही सवड नव्हती. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या तडाख्यांनी उरलेले दोघे संपवले. लगेच दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो स्वतः पडला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला.

तोच सन्मान मिळवणारे, अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव मात्र सुखरूप परतले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी आधी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले. मग शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून त्यांनी हातबाँब घेतले. तेही संपले. तेव्हा ते बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत सरपटत गेले, मागच्या उतारावर असलेल्या सोबत्यांकडून नवे हातबाँब घेतले आणि पुन्हा पुढे गेले. तिन्ही मशीनगन गप्प झाल्या. मग भडिमार चालू असतानाच बंधाऱ्यावर उघडे उभे राहून त्यांनी मराठ्यांची आरोळी ठोकली, आणि मागच्या कंपन्यांना हात हलवून नदीपार बोलावले.