सोलर घ्यायचं की दुकानात माल भरायचा?

हल्ली प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सर, दुकानावर सोलर बसवू का? बिल झिरो होतं म्हणतात." विचारणाऱ्याच्या दुकानाला बहुतेक वेळा वर्षही झालेलं नसतं. म्हणून माझं मत सरळच सांगतो. सोलर चांगलंच आहे, पण धंद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात भांडवल छतावर चढवू नका.

आधी चांगली बाजू, कारण ती खरी आहे. २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सोलर विजेचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे ठरवला होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत! मोबाइलचा डेटा सोडला तर असा भाव पडलेला दुसरा माल मला आठवत नाही. हा भाव मोठ्या प्रकल्पांचा आहे, आपल्या छताचा नाही, हे खरं. पण पॅनल आपल्यालाही स्वस्त झाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्के झाला. तेव्हा "सोलर महाग असतं" हे कारण आता देऊ नका.

मग अडचण कुठे आहे? पहिली गोष्ट, सबसिडी. पीएम सूर्यघर योजनेतले जास्तीत जास्त ७८ हजार रुपये घरगुती मीटरला मिळतात. दुकानाच्या कमर्शियल मीटरला त्यातला एक रुपयाही नाही. घराचा हिशोब दाखवून दुकानदाराला कोटेशन देणारे भरपूर फिरतायत, सांभाळा.

आता वही काढा. समजा ५ किलोवॅटची सिस्टीम २ लाख ७५ हजारांना पडली. तिला साधारण ५०० चौरस फूट मोकळं छत लागतं. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे पावसाळा धरून वर्षाला ७,००० युनिट. तुमचं युनिट सगळे आकार धरून १२ रुपयांना पडतं असं समजू. तयार झालेली सगळी वीज तुम्ही वापरली तर वर्षाला ८४ हजार वाचले. सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. झकास!

पण सगळी वीज वापरली *तर*. सूर्य काम करतो सकाळी नऊ ते चार-पाच. पिठाची गिरणी, शिलाईचं युनिट, झेरॉक्स सेंटर, यांचं काम त्याच वेळात चालतं. वडापावची गाडी, चायनीज, जिम, यांचा धंदा दिवे लागल्यावर. दुपारची जादा वीज ग्रीडला जाते आणि नेट मीटरिंगने बिलात वजा होते, म्हणून हा फरक आजवर फारसा जाणवला नाही. पण २०२३ मध्ये केंद्राने वीज नियम बदलले. स्मार्ट मीटर लागलेल्या ग्राहकाला दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर, सोलरच्या तासांत स्वस्त आणि संध्याकाळी महाग. म्हणजे दुपारी तुम्ही विकता ते युनिट आणि रात्री विकत घेता ते युनिट एकाच भावाचं राहणार नाही. आता अर्धीच वीज तुम्ही वापरली आणि उरलेल्या अर्ध्याला समजा ३ रुपयेच सुटले, तर ८४ हजारांचे साडेबावन्न हजार होतात आणि वसुली सव्वापाच वर्षांवर जाते. छत तेच, पॅनल तेच. फरक फक्त तुमच्या धंद्याच्या वेळेचा.

आणि "झिरो बिल" विसरा. स्थिर आकार येतोच. अजून एक गंमत म्हणजे बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड सिस्टीम लाइट गेली की स्वतःही बंद पडते. पोलवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भर उन्हात छतावर पॅनल आणि खाली दुकानात अंधार! लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर घेणाऱ्यांना हे आधी कुणी सांगतच नाही.

आता माझा खरा मुद्दा. तेच २ लाख ७५ हजार किराणा मालात घातले, माल वर्षात आठ वेळा फिरला आणि प्रत्येक फेरीत खर्च जाऊन ५ टक्के हातात राहिले, तर १ लाख १० हजार सुटतात. वर मूळ रक्कम मालात शाबूत. उद्या अडचण आली तर माल विकून पैसा उभा करता येतो. सेकंडहँड पॅनलला काय भाव येतो ते भंगारवाल्याला विचारून बघा. अर्थात, ज्याचं शेल्फ भरलंय, गिऱ्हाईक ठरलेलं आहे, आणखी माल भरला तर नुसता पडून राहील, त्याच्यासाठी हिशोब उलटा होतो. त्याने जरूर सोलर घ्यावं. पण तो दुकानदार बहुतेक पाच-सात वर्षं जुना असतो.

माझं स्वतःचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान म्हणजे सोलरला एकदम फिट, सगळं काम दिवसाचं. तरी माझ्याकडे पॅनल नाहीत, कारण गाळा भाड्याचा आहे. करार ११ महिन्यांचा आणि पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची, ही जोडी जमत नाही. शिवाय गच्ची सोसायटीची, आणि तिच्यावर पाण्याच्या टाकीची सावली. सावली एका पॅनलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादनही उतरू शकतं.

टॅक्सचंही ऐकून ठेवा. "४० टक्के घसारा मिळतो" हे सेल्समनचं आवडतं वाक्य, आणि ते खोटं नाही. पण तुम्ही सीएच्या भाषेतल्या '४४एडी'ने, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर नफा दाखवून रिटर्न भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो. वेगळा मिळत नाही.

काही जण छतावरच्या छोट्या पवनचक्कीचं विचारतात. माझं उत्तर, नको. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ऊर्जा आठपट कमी होते, आणि गावात इमारतींमुळे वारा अडतोच. पवनचक्क्या साताऱ्यातल्या वनकुसवडेच्या पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री भागात का उभ्या आहेत? कारण वारा तिथे आहे. राज्याला त्यांचा मोठा उपयोग आहे, पावसाळ्यात सोलर कमी पडतं तेव्हा वारा जोरात असतो. पण तो ग्रीडचा हिशोब, आपल्या दुकानाचा नाही.

तरी वाऱ्यातून धंदा कसा दिसतो ते तुलसी तांतींकडून शिकावं. गुजरातमध्ये त्यांचा कापडाचा धंदा होता आणि विजेचा खर्च नफा खात होता. म्हणून त्यांनी आधी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि १९९५ मध्ये सुझलॉन काढली. पुढे कर्ज इतकं वाढलं की २०१२ मध्ये कंपनीला परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर फेडता आले नाहीत, तेही लक्षात ठेवा. पण विजेच्या बिलात त्यांना धंदा दिसला. तुमच्या तालुक्यात आज छतावर पॅनल चढतायत, आणि ते धुवायला, नट-बोल्ट आणि वायरिंग तपासायला माणूस मिळत नाही. शिडी, पाइप, मऊ ब्रश, सेफ्टी बेल्ट आणि वायरमनचं लायसन्स असलेला एक जोडीदार, एवढ्यावर सुरुवात होते. ज्यांचं भांडवल २५-३० हजारच आहे, त्यांनी सोलर विकत घेण्यापेक्षा सोलर सांभाळण्याकडे बघावं असं मला वाटतं.

ज्यांना तरीही दुकानासाठी घ्यायचंच आहे, त्यांनी पुढच्या बॅचला मागच्या १२ महिन्यांची बिलं आणि भाडेकरार घेऊन या. आणि दोन दिवस मीटरचं रीडिंग सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला लिहून आणा. कोटेशन आणलं नाही तरी चालेल.