आधी आपण निघायचे!

अरबी समुद्रात चक्रीवादळ उठल्याची बातमी आली, की इच्छापोरमधल्या आपल्या मराठी घरांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "सुरतेला काही होत नाही." दुसरे, "बघू, वेळ आली की निघू." पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि पुन्हा दिवाळीच्या आगेमागे, असे वर्षातून दोनदा हे ऐकावे लागते. बोलणारी मंडळी अडाणी नाहीत. तीस-चाळीस वर्षे इथे काढलेली, हजिरा पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेली, स्वतःचे घर बांधून मागच्या चार खोल्या भाड्याने दिलेली, गल्लीत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी ही माणसे आहेत. म्हणूनच या दोन वाक्यांचा समाचार घेणे आम्हाला भाग आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रशासनाने घर सोडायला सांगितले, तर पहिल्यांदा जुन्या स्थायिक कुटुंबांनी निघायचे. आपण ओट्यावर बसून राहिलो, तर आपल्या खोल्यांतला भाडेकरूही बसून राहतो. आणि उडणारा पहिला पत्रा आपल्या नव्हे, त्याच्या डोक्यावरचा असतो.

आता पहिले वाक्य घेऊ. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' सुरतेच्या दिशेने निघाले होते. किनारा गाठण्याआधीच त्याचा जोर ओसरला. जून २०१९ मध्ये 'वायू' वेरावळच्या जवळ येऊन समुद्राकडे वळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'महा' अशक्त होत गेले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी सुरत, नवसारी, वलसाडच्या किनाऱ्यालाही सावधतेचा इशारा होता. १७ मे २०२१ च्या रात्री 'तौक्ते' दीव आणि उन्याच्या बाजूला जमिनीवर आले. सुरतेत झाडे पडली, दक्षिण गुजरातेत आंबा-केळीच्या बागा झोपल्या. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कितीतरी दिवस समुद्रात रेंगाळले आणि १५ तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकले.

सहा वादळे आली आणि सहाही वेळा सुरत बचावली. यावरून आपली मंडळी निष्कर्ष काढतात, की सुरतेला काही होत नाही! मग आम्ही विचारतो, श्रीवर्धन-दिवेआगरची माणसे २ जून २०२० ला वेगळे काय म्हणत असतील? त्यांच्या नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. वाट बदलणे हा वादळाचा स्वभाव आहे, त्याने सुरतेला दिलेला शब्द नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी १९८२ ते २०१९ या काळाचा अभ्यास करून दाखवले आहे, की अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचे पाणी तापते आहे, वादळे जास्त दिवस टिकतात. वडिलांच्या काळचा अनुभव या समुद्राला लागू पडत नाही.

त्यात आपली जागा पाहा. खंबातच्या आखाताचा आकार नरसाळ्यासारखा. साध्या भरतीलाही इथे पाणी कितीतरी मीटर चढते. वादळाने समुद्र आत लोटला आणि नेमकी भरतीची वेळ असली, तर ते पाणी तापीच्या मुखातून आत येणार. वरून नदीला पूर असेल, तर तिने जायचे कुठे? याचा नमुना आपण पाहिला आहे. ऑगस्ट २००६ ची रेल आठवा. (नव्या पिढीसाठी सांगतो, सुरती माणूस पुराला रेल म्हणतो.) त्या वेळी वादळ नव्हते. वर खानदेश-विदर्भाकडे धो धो पाऊस झाला, उकाई धरण भरत आले आणि नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले. ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाण. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. लोक दिवसच्या दिवस गच्च्यांवर अडकले. वीज नाही, फोन नाही, हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटे टाकली जात होती. धरणात पाणी आधीच कमी का केले नाही, यावर तेव्हा मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण आमचा मुद्दा पुढचा आहे. तेव्हा गच्ची कोणाजवळ होती? घरमालकाजवळ. तळमजल्यावर किंवा मागच्या पत्र्याच्या खोलीत कोण राहत होते? भाडेकरू.

इथे दुसऱ्या वाक्याकडे येतो: "वेळ आली की निघू." ही वेळ म्हणजे नेमकी कोणती? हवामान खात्याच्या पद्धतीत पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी मिळते. ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी आणि वादळ अंगावर येण्याच्या सुमारे १२ तास आधी लाल. बंदरावर लागणारे बावट्यांचे आकडे मुख्यतः जहाजांसाठी असतात. तीन नंबरचा बावटा लागला म्हणून घरात बसून चर्चा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. निघण्याची खरी वेळ नारिंगी इशाऱ्याची, आणि तीही उजेडात. लाल इशाऱ्यानंतर ओएनजीसी पुलावरच्या वाऱ्यात म्हातारी आई, दोन पोरे आणि पेटी घेऊन स्कूटरवरून जाणे म्हणजे शहाणपण नाही. "वेळ आली की निघू" म्हणणारा माणूस प्रत्यक्षात वेळ गेल्यावर निघतो.

वेळेवर न हलल्याची किंमत आपल्याच किनाऱ्याने मोजली आहे. ९ जून १९९८ रोजी कांडल्यावर चक्रीवादळ आले. सरकारी आकड्यानेच बळींची संख्या हजाराच्या वर गेली, शिवाय शेकडो बेपत्ता. त्यांत फार मोठा भरणा मिठागरांतल्या आणि बंदरावरच्या मजुरांचा होता. परप्रांतातून पोटासाठी आलेली ही माणसे होती. कोण कोणत्या झोपडीत राहतो याची यादी कोणाजवळ होती? त्यांना उठवून बाहेर काढायला कोण गेले? 'तौक्ते'च्या वेळी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला. इशारा काही दिवस आधी आलेला होता. तराफा बुडाला, सत्तरहून अधिक जीव गेले. जबाबदारी कोणाची यावर बरेच बोलले गेले. पण तराफ्यावरच्या कामगाराला "मी जातो" म्हणण्याची सोय नव्हती, ही गोष्ट हजिरा पट्ट्यात आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

उलट बाजूही पाहा. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याच ओडिशाने मे २०१९ मध्ये 'फनी'च्या आधी सुमारे बारा लाख लोक हलवले आणि बळींचा आकडा शंभराच्या आत राहिला. आपल्या गुजरातेत 'बिपरजॉय'च्या आधी लाखाच्या आसपास लोक हलवले गेले आणि बळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घरे पडली, खांब पडले, माणसे उरली. हलवलेल्या लाखातले कितीतरी लोक घरी परतून म्हणाले असतील, "उगाच नेले." असे म्हणायला ते जिवंत होते, यातच सगळे आले.

आमचे काही ज्येष्ठ म्हणतील, आमचे घर स्लॅबचे आहे, आम्हाला कशाला निघायला लावता? प्रश्न योग्य आहे. ऊठसूट सगळ्यांनी पळत सुटावे असे आमचे म्हणणे नाही. सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेत 'रीटा' वादळाच्या भीतीने ह्यूस्टन शहर एकदम रस्त्यावर आले आणि त्या कोंडीत व उन्हात कितीतरी माणसे दगावली. त्याच्या आदल्याच महिन्यात 'कॅटरिना'च्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यांच्याजवळ गाड्या होत्या ते निघून गेले; गरीब, आजारी आणि म्हातारे मागे राहिले आणि पाण्यात सापडले. दोन्हीचा धडा एकच. कोणी, केव्हा, कशातून, कुठे जायचे हे आधी ठरलेले हवे. प्रशासनाने तुमच्या गल्लीचे नाव घेतले नाही, तर पक्क्या घरात दारे-खिडक्या लावून थांबा. नाव घेतले, तर मात्र स्लॅबचा अभिमान बाजूला ठेवा. आणि "शाळेच्या निवाऱ्यात सतरंजीवर बसायला आम्ही काय झोपडपट्टीवाले?" हे वाक्य तर कृपा करून कोणी उच्चारू नये. लग्नाच्या वऱ्हाडात याच शाळांत सतरंजीवर आपण आनंदाने झोपलो आहोत!

आता राज्यकर्त्यांकडे वळू. डिसेंबर २०१७ मध्ये विधानसभेचे मतदान चार दिवसांवर होते. 'ओखी'चा इशारा आल्याबरोबर मोठमोठ्या नेत्यांच्या सभा रद्द झाल्या. योग्यच केले; त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. मग हवामान खात्याच्या शब्दावर नेत्याने सभा सोडली तर ते शहाणपण, आणि आपण घर सोडले तर भित्रेपणा, हा कुठला न्याय?

निवडणुकीच्या दिवशी मतदार यादीच्या पानापानाला माणूस नेमलेला असतो. 'पेज प्रमुख' हा शब्द गुजरातने घराघरात पोचवला. अंथरुणाला खिळलेल्या आजीलाही रिक्षात घालून मतदानाला नेणारी ही यंत्रणा वादळाच्या आदल्या दिवशी कुठे असते? तिला आम्ही हाक देतोच आहोत. पण तिच्यातही एक भोक आहे. आपल्या खोल्यांत राहणारा बिहारचा, ओडिशाचा, उत्तर प्रदेशचा, अगदी आपल्या नंदुरबार-शिरपूरचा पोरगाही पुष्कळदा इथल्या यादीत नसतो. त्याचे मत गावी, म्हणून त्याचे नाव कोणाच्याच पानावर नाही. तो कोणत्या खोलीत राहतो, किती जण राहतात, कोणाची बायको गरोदर आहे, कोण रात्रपाळीला गेला आहे, हे गावात फक्त एकाच माणसाला ठाऊक असते. तो म्हणजे घरमालक. भाडे घ्यायला दर महिन्याला जी दारे आपण वाजवतो, तीच दारे त्या दिवशी वाजवायची आहेत.

म्हणून आमच्या मागण्या अशा. निवाऱ्याच्या शाळा व इमारतींची नावे गल्लीवार मे महिन्यातच जाहीर व्हावीत आणि दवंडी गुजरातीबरोबर हिंदी-मराठीतही फिरावी. भाडेकरूंची नोंद पोलीस ठाण्यात द्यावी लागतेच. ती केवळ गुन्हेगार शोधायला न वापरता माणसे वाचवायलाही वापरावी. स्थलांतराच्या आदेशाच्या दिवशी कंत्राटी कामगाराची हजेरी कापली जाऊ नये, असा लेखी हुकूम कलेक्टर कचेरीने कारखान्यांना द्यावा. रोज बुडेल या भीतीने माणूस पाळीला जातो आणि त्याचे कुटुंब त्याच्या वाटेकडे डोळे लावून पत्र्याखाली थांबते. उकाईतून किती पाणी सुटणार आणि ते इच्छापोरला कोणत्या वेळी जाणवणार, हे साध्या भाषेत आधी सांगावे. ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात आपला चोर्यासी भाग येतो, त्याचे खासदार सी. आर. पाटील हे मूळचे खानदेशचे, आणि २०२४ मध्ये त्यांच्याकडे केंद्रातील जलशक्ती खाते आले. पुराचा अंदाज देणारा केंद्रीय जल आयोग याच खात्याचा. आपला माणूस म्हणून हार घालायला जाणाऱ्यांनी हाराबरोबर हा कागदही न्यावा.

आणि स्वतःकडून मागणी एकच. प्रत्येक घरमालक सभासदाने आपल्या खोल्यांतील माणसांची यादी करून मंडळात द्यावी. म्हातारे, आजारी आणि लहान मुले वेगळी लिहावीत. ज्यांच्या दारात चारचाकी किंवा टेम्पो आहे, त्यांनी किती माणसे नेता येतील तो आकडा द्यावा. नारिंगी इशारा लागला आणि आदेश आला, की मालकाने आधी भाडेकरूचे दार वाजवावे, मग आपल्या दाराला कुलूप लावावे, आणि दोघांनी एकाच गाडीतून निघावे.

आपल्या आईवडिलांना या गावाने खोली दिली, तेव्हा त्यांचेही नाव इथल्या कोणत्याच यादीत नव्हते. आज खोली देणारे आपण आहोत. भाडे घेण्याचा हक्क बजावताना आपण एक दिवसही उशीर करत नाही; या कर्तव्यातही करायचा नाही.