आयपीव्ही-६ बंद करावं का?

ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या आयपीव्ही-६ (इंटरनेटवर उपकरणांना पत्ते देण्याची नवी पद्धत) हाताळणीत गंभीर त्रुटी उघड झाली: मुद्दाम घडवलेली पॅकेट्स पाठवून परक्याच्या संगणकाचा ताबा घेता येईल, अशी. मग ‘ते आयपीव्ही-६ बंदच करून टाका’ हा जुना सल्ला पुन्हा वर आला. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली होती, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही! आयपीव्ही-६ची भीती अगदीच निराधार नाही. जुन्या आयपीव्ही-४मध्ये घरातली सगळी उपकरणं सहसा राउटरच्या एकाच पत्त्याआड दडतात. नव्यात प्रत्येकाला बाहेरून गाठता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. पण पत्ता ठाऊक असला म्हणून दार उघडं नसतं. ते राखतो फायरवॉल, आणि तो राउटरमध्ये आयपीव्ही-६साठीही चालू आहे ना, एवढं बघा. व्हीपीएन वापरत असाल तर तेही तपासा; काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही-४चीच वाहतूक झाकतात. बाकी विंडोजचे काही घटक आयपीव्ही-६वाचून अडू शकतात, म्हणून ते बंद करू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते. तेव्हा ते राहू द्या; रखडवलेलं अपडेट आजच करा आणि राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला.